पाचगणीचा पियानो, मिरजेचा तंबोरा

बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ हे गाणं नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गट फुटून तेव्हा त्रेपन्न वर्षं झाली होती आणि चौघांपैकी दोघे हयात नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी ‘क्वीन’च्या १९८१ सालच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ने एकट्या ब्रिटनमध्ये सत्तर लाख प्रतींचा टप्पा गाठला, तिथे तोवर कुठल्याच अल्बमला हे जमलं नव्हतं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या या मंडळींचा प्रभाव ओसरलेला नाही, हे पटवायला आणखी आकडे नकोत. मात्र हा प्रभाव नेमका कशाचा, तो कशाच्या बळावर टिकला आणि आपल्या वाट्याला त्यातलं काय आलं, याची उत्तरं विक्रीच्या आकड्यांत सापडत नाहीत. ती शोधायला सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे निवडले, तर निवड वरकरणी ओढूनताणून केलेली वाटेल. तशी ती नाही. क्वीनचा गायक घडला तो सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या शाळेत, आणि ज्या वाद्यांच्या नादाने ब्रिटिश रॉकचा कान बदलला ती वाद्यं सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत दीडेकशे वर्षं बनत आली आहेत. माझं म्हणणं असं आहे, की या संगीताचा टिकाऊ ठसा एकेका गाण्यापेक्षा ती गाणी ज्या रीतीतून जन्मली त्या रीतीत शोधावा. चार-पाच मुलांनी एकत्र बसायचं, हाताशी असेल ते वाद्य घ्यायचं, स्वतः रचायचं, स्वतः वाजवायचं. आणि हे करायला कुणीतरी त्यांना जागा, वेळ आणि थोडं शिक्षण पुरवायचं. या रीतीला आपल्या दोन जिल्ह्यांनी हातभार लावला आहे. तिच्याकडून घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र आपण तिच्यातली सर्वांत हलकी गोष्ट उचलली.

हे सारं ब्रिटनमध्येच का घडलं, तिथून सुरुवात करावी लागते. मूळ ऐवज त्यांचा नव्हताच. तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा होता: मडी वॉटर्स, चक बेरी, लिटल रिचर्ड, विली डिक्सन यांचा. रोलिंग स्टोन्सने १९६२ मध्ये आपलं नावसुद्धा मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतलं. लेड झेपलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये आपले शब्द आहेत म्हणून डिक्सन १९८५ मध्ये न्यायालयात गेला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. माल जर दुसऱ्याचा, तर ब्रिटिशांना श्रेय कशाचं, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप रास्त आहे, त्याला बगल देऊ नये; ज्याचं त्याला मिळालंच पाहिजे. तरीही लिव्हरपूल, न्यूकॅसल, बर्मिंगहॅमसारख्या कामगारवस्तीच्या शहरांत त्या काळी शेकड्यांनी गट उभे राहिले, याची कारणं उसनवारीत नाहीत, समाजव्यवस्थेत आहेत. १९५६ च्या सुमारास लॉनी डॉनेगनच्या गाण्यांनी ‘स्किफल’ची लाट आली. त्याला एक स्वस्त गिटार, कपडे घासायची पन्हळी फळी आणि चहाच्या खोक्याला काठी-दोरी लावून केलेला बास एवढं पुरे होई. बीटल्सच्या जॉन लेननचा पहिला गट ‘क्वारीमेन’ स्किफलचाच. मग १९६० अखेर सक्तीची लष्करभरती थांबली आणि तरण्या मुलांची दोन वर्षं त्यांच्या स्वतःच्या हातात राहिली. तिसरं कारण मला सर्वांत मोठं वाटतं: सरकारी पैशावर चालणारी कलामहाविद्यालयं. लेनन लिव्हरपूलच्या, कीथ रिचर्ड्‌स सिडकपच्या, एरिक क्लॅप्टन किंग्स्टनच्या, ‘किंक्स’चा रे डेव्हिस हॉर्नसीच्या, ‘द हू’चा पीट टाउनशेंड ईलिंगच्या महाविद्यालयात होता. चित्रकलेत यांतल्या कुणी किती दिवे लावले हा भाग वेगळा, पण मोकळा वेळ, रिकामी खोली आणि बरोबरीचे सोबती त्यांना तिथे लाभले. साठच्या दशकाच्या अखेरीस ईलिंगमधून आणखी एक विद्यार्थी ग्राफिक कला शिकून बाहेर पडला. त्याचं नाव फारूख बुलसारा, म्हणजे पुढे क्वीनचा गायक झालेला फ्रेडी मर्क्युरी.

फारूखचा जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६ चा. घराणं गुजरातेतलं पारशी, वडील झांझिबारच्या न्यायालयात रोखपाल. १९५५ मध्ये, आठ वर्षांच्या या मुलाला समुद्रापार मुंबईला आणि तिथून घाट चढून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आलं. ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी वसवलेलं हे थंड हवेचं गाव तोवर वसतिगृहाच्या शाळांचं गाव झालं होतं आणि दूरदूरची पारशी, अँग्लो-इंडियन मुलं तिथे शिकत. शाळेच्या मुख्याध्यापकांना मुलाचा कल दिसला, त्यांनी आईवडिलांना कळवलं, जादा फी भरून पियानोची शिकवणी लागली. सिद्धान्त आणि वादन या दोन्हींत तो चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला. शाळेच्या वृंदगानात तो गायचा, नाटकांत भूमिका करायचा. रेडिओवर ऐकलेलं गाणं लगेच पियानोवर वाजवून दाखवायची त्याची हातोटी सोबत्यांच्या कायम लक्षात राहिली. १९५८ मध्ये पाच मुलांनी मिळून ‘हेक्टिक्स’ नावाचा बॅण्ड काढला: ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरांग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फारूख. गाणी क्लिफ रिचर्डची, लिटल रिचर्डची, फॅट्स डॉमिनोची. मुख्य गायक होता ब्रूस मरे. ज्याच्या आवाजाची पुढे जगाने पारायणं केली तो फारूख पियानो वाजवायचा आणि मागून सूर धरायचा. पाचांपैकी डेरिक ब्रांच पुढे ब्रिटनमध्ये अभिनेता झाला, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात वरच्या हुद्द्याला पोचला. इथे तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. लिव्हरपूलच्या वूल्टन भागातल्या चर्चच्या जत्रेत क्वारीमेन वाजवत असताना लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची पहिली भेट झाली ती ६ जुलै १९५७ रोजी. त्याच्या पुढच्याच वर्षी, सह्याद्रीच्या पठारावर, अकरा-बारा वर्षांची मुलं हेच करत होती. रेडिओ आणि तबकड्या यांनी गाणी दोन्हीकडे पोचवली होती, आणि दोन्ही ठिकाणी मुलांना एक संस्था पाठीशी होती. तिकडे चर्च आणि कलामहाविद्यालय, इकडे वसतिगृहाची शाळा. पाचगणी या घडामोडीत मागे नव्हती, बरोबरीने चालत होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: फ्रेडीचा आपल्याशी काय संबंध? तो मराठी नव्हता, शाळेत इंग्रजी बोलायचा, १९६३ पर्यंत इथून परतला, पुढल्या वर्षी झांझिबारच्या क्रांतीमुळे कुटुंबासह इंग्लंडमधल्या फेल्टमला गेला आणि नंतर मुलाखतींत पाचगणीचं नाव फारसं काढलं नाही. यातलं सगळं खरं आहे. म्हणूनच ‘साताऱ्याचा सुपुत्र’ असले फलक लावण्याचा मोह टाळला पाहिजे. त्याच्यावर लता मंगेशकरांच्या गाण्याचा संस्कार होता, असंही वारंवार लिहिलं जातं. लताबाईंच्या बालपणाची काही वर्षं सांगलीत गेली, त्यामुळे या वाक्यावरून दोन्ही जिल्ह्यांची गाठ झटकन मारता येईल. पण क्वीनच्या गाण्यांत ते कानाला दाखवून देता येत नाही, आणि जे दाखवता येत नाही त्यावर इमारत चढवू नये. दाखवता येतं ते वेगळं आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ मध्ये आली. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी, ध्रुवपद नाही, आणि मधोमध ऑपेराच्या धर्तीचं वृंदगान. तो भलामोठा गायकवृंद म्हणजे प्रत्यक्षात फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचेच गळे. चोवीस पट्ट्यांच्या टेपवर तेच आवाज थरावर थर चढवत त्यांनी तो उभा केला. गाण्याचा सांगाडा पियानोवर रचलेला आहे, मांडणी नाटकाची आहे आणि प्राण वृंदगानात आहे. पियानो, नाटक आणि वृंदगान या तिन्ही गोष्टींची सवय ज्या मुलाला लागली ती वसतिगृहाच्या शाळेत. एका शाळेने गाणं घडवलं असा दावा मी करत नाही. ऐन शिकायच्या वयात त्या शाळेने त्याला साधनं दिली, सोबती दिले, संध्याकाळी वाजवायला जागा दिली. आणि १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या ‘लाइव्ह एड’मध्ये वीस-एकवीस मिनिटांत सबंध मैदान ज्याने हातात घेतलं, त्या गायकाच्या जडणघडणीत हे देणं मोजलंच पाहिजे.

आता मिरजेकडे वळतो, कारण तिथला धागा अधिक खोल आहे आणि त्याच्याबद्दल बोललं जातं सर्वांत कमी. भारतीय नादाचा ब्रिटिश रॉकशी संबंध म्हटला की बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन आणि सतार एवढंच आठवतं. हॅरिसनने १९६५ मध्ये ‘हेल्प’ चित्रपटाच्या सेटवर सतार पाहिली, लंडनच्या एका दुकानातून एक विकत घेतली आणि त्या वर्षअखेर आलेल्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये वाजवली. पुढच्या सप्टेंबरात तो मुंबईत रविशंकरांकडे शिकायला आला. मात्र त्याच्याही आधी, १९६५ च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियाला निघालेले ‘किंक्स’ मुंबईत थांबले होते. पहाटे किनाऱ्यावर कोळ्यांचं गाणं रे डेव्हिसच्या कानी पडलं. त्यातून आलेलं ‘सी माय फ्रेंड्स’ त्याच वर्षीच्या जुलैत बाजारात आलं. त्यात सतार नाही. गिटारवरच एक स्वर अखंड धरून ठेवलेला आहे. ‘यार्डबर्ड्‌स’ने ‘हार्ट फुल ऑफ सोल’साठी सतारवादक बोलावला होता, शेवटी ते वादन बाजूला ठेवून जेफ बेकने गिटारवरच तो जवारीदार झणकार काढला. म्हणजे या गटांना वाद्याहून जास्त वाद्याचा नाद हवा होता: खाली अखंड वाहणारा षड्‌ज आणि तारेची ती थरथर. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये सारं गाणं एकाच स्वरावर उभं आहे आणि त्याच्या तळाशी तंबोरा आहे. ‘गेटिंग बेटर’मध्ये तंबोरा आहे, ‘अक्रॉस द युनिव्हर्स’मध्येही आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जाणकारांचा आहे. सतारीचं हे खूळ दोन-तीन वर्षांचं होतं. १९६८ नंतर खुद्द हॅरिसनने सतार बाजूला ठेवली. नशापाण्याच्या वातावरणात आपलं संगीत ऐकलं जातं याचं रविशंकरांना दुःख होतं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. मग टिकाऊ प्रभाव कुठला? सतारीपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. चार दिवस गिटारसारखी धरून वाजवलेली सतार सतारीच्या परंपरेला काही देऊन गेली नाही, आणि रॉकलाही फार नाही. तंबोऱ्याचं तसं झालं नाही. पाश्चात्त्य गाण्याची चाल स्वरसंगतींच्या बदलांवर चालते. दर दोन मात्रांनी पायाखालची जमीन बदलते. ती जमीन स्थिर ठेवूनही गाणं उभं राहतं, हे या मंडळींना तंबोऱ्याने शिकवलं. सतार गेली तरी ही शिकवण राहिली. लेड झेपलिनच्या १९७५ सालच्या ‘काश्मीर’मध्ये ती ऐकू येते, आणि त्यानंतर एकाच स्वराच्या तळावर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पाश्चात्त्य संगीताच्या कितीतरी शाखांत. हॅरिसनची सतार मिरजेची होती असं मात्र कुणी म्हणू नये. १९६६ मध्ये बीटल्स दिल्लीत थांबले तेव्हा त्याने वाद्य घेतलं ते रिखीरामकडून, आणि रविशंकरांच्या सतारी कलकत्त्याच्या नोदू मल्लिक यांच्या हातच्या. मिरजेचा हक्क एखाद्या प्रसिद्ध वाद्यावर सांगायचा नाही. तो त्या नादाच्या कारागिरीवर आहे, आणि तंबोऱ्याच्या बाबतीत तरी देशात मिरजेचा शब्द अखेरचा मानला जातो.

ही कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, तलवारी-भाल्यांचं काम ओसरू लागलं तेव्हा मिरजेच्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तो धंदा झाला आणि त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर पडलं. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठच्या शेतांतून. ते पाण्यात भिजवून, तोंड कापून, गाभा खरवडून, आतून काड्यांचा ताण देऊन आकाराला आणतात. दांडी बहुधा तुणीच्या लाकडाची. कोरीवकाम, लाखेचा हात हे सगळं डोळ्यांना दिसतं. वाद्याचा जीव असतो तो घोडीवर, जवारीच्या कामात. हाडाच्या किंवा शिंगाच्या घोडीचा माथा कानशीने घासून अगदी किंचित उतरता करतात. तार मग एका कडेवर टेकून न राहता त्या उतारावर अलगद घासत राहते, प्रत्येक कंपनाला तिचा टेकायचा बिंदू मागेपुढे सरकतो आणि मूळ स्वरातून त्याचे स्वयंभू स्वर एकेक करून उमलतात. तंबोऱ्याला तारेखाली सुताचा धागा सरकवून हा नाद हव्या त्या जागी आणतात. धागा केसभर पुढे गेला की आवाज बंद, केसभर मागे आला की चिरका. कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मापाची पट्टी इथे चालत नाही, सगळी भिस्त कानावर. जेफ बेक गिटारचा आवाज यंत्रातून फाडून ज्या थरथरीच्या मागे लागला होता, ती मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या हाताने काढली जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उशिरा का होईना, योग्य झालं.

या नादाकडे इंग्रजांचं लक्ष हॅरिसनच्या आधी पन्नासेक वर्षं वेधलं गेलं होतं, आणि तेही याच दोन जिल्ह्यांत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये काढलं. मिरजेत वास्तव्याला असलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर त्यांनी उपकरणावर मोजून पाहिले. साताऱ्याला न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले, १९१३ मध्ये त्यांचंही पुस्तक आलं, श्रुतींचा हार्मोनियम तयार झाला. बड्या संगीतज्ञांनी त्यांचे सिद्धान्त पुढे खोडून काढले, त्या वादात इथे शिरत नाही. लक्षात घ्यायचं ते एवढंच: एक इंग्रज न्यायाधीश, एक मराठी पंडित आणि एक थोर गवई वर्षानुवर्षं एका प्रश्नाला भिडले होते. खोलीत पाहिलं तर हॅरिसनच्या चार-सहा आठवड्यांच्या शिक्षणाहून हा व्यवहार कितीतरी मोठा. तरीही जगभर पोचला तो हॅरिसन. कारण त्याच्यामागे ध्वनिमुद्रणाचा उद्योग होता आणि त्याचं ऐकून सोमवारी सकाळी स्वतः वाजवून बघणारी हजारो मुलं होती. क्लेमेंट्सच्या हार्मोनियमला तशी मुलं मिळाली नाहीत. ज्ञान कितीही सखोल असलं तरी ते करून बघणारे हात लागतात.

आता उलटा प्रवास: तिकडून इकडे काय आलं? मुंबईचं चित्र ठाऊक असलेलं आहे, ते भराभर सांगतो. हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत शिवकुमार शर्मांसारख्या वादकांना घेऊन ‘वंडरवॉल’चं संगीत मुद्रित केलं. लेड झेपलिनचे पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईच्या वादकांबरोबर आपली दोन गाणी मुद्रित करून गेले. ती अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१५ उजाडलं. १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ भरू लागला, ‘रॉक मशीन’सारखे बॅण्ड आले, २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्नवर वाजवून गेले. हे सगळं प्रामुख्याने इंग्रजी बोलणाऱ्या शहरी वर्गापुरतं राहिलं. सातारा-सांगलीत ती लाट हिंदी चित्रपटगीतांच्या मार्गाने आली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातली विजेची गिटार आणि बास विविध भारतीवरून घराघरांत गेला, तिथून लग्नाच्या नि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत, तमाशाच्या फडात. कीबोर्ड, ड्रमसेट, ऑक्टोपॅड आज तालुक्याच्या गावीही परके नाहीत. आणि या सगळ्याच्या पाठीमागे उभा आहे तो आवाज. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ पासून बनवलेले अ‍ॅम्प्लिफायर टाउनशेंडच्या आग्रहाने भिंतीसारखे एकावर एक चढले. चार्ली वॉटकिन्सने १९६७ च्या विंडसर महोत्सवात हजार वॉटची ध्वनियंत्रणा लावली. हजारोंच्या जमावाला विजेच्या जोरावर एका आवाजाखाली आणण्याचं तंत्र रॉकच्या मैदानांत तयार झालं. आपल्याकडच्या मिरवणुकांतली डॉल्बी त्याच तंत्राची दूरची वारस आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच आले, दरवर्षी पोलीस बैठका घेतात, म्हातारीकोतारी माणसं विसर्जनाच्या रात्री कान झाकून बसतात. ब्रिटिश रॉककडून आपल्या गावगाड्याने जे सर्वाधिक प्रमाणात घेतलं ते हे: आवाजाचं बळ. त्या आवाजामागची रचणारी, वाजवणारी मुलं आपण घेतली नाहीत. डॉल्बीसमोर कुणी वाजवत नसतं; गाणी दुसऱ्यांची, मुद्रित केलेली, आणि आपली मुलं फक्त नाचायला.

‘चार जणांनी मिळून रचायचं ही कल्पनाच आपल्या मातीतली नव्हे, इथे कवी निराळा, संगीतकार निराळा, गायक निराळा,’ असं यावर कुणी म्हणेल. भावगीत आणि चित्रपटगीत यांच्याबद्दल ते खरं आहे. आपल्या सगळ्या परंपरेबद्दल खरं नाही. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. स्वतः लिहायचं, स्वतः गायचं, डफ-तुणतुणं-झांज एवढ्यावर मैदान उभं करायचं. क्वारीमेनच्या आधी बारा वर्षं! पत्री सरकारच्या काळात याच मुलखात शाहिरांची पथकं गावोगाव फिरत होती. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या फडात वग, गाणं, विनोद सगळं घरचंच तयार व्हायचं. स्किफल ज्या गरिबीतून आणि ज्या ईर्ष्येतून निघालं तिच्याशी या पथकांचं नातं सख्खं आहे. तेव्हा गटाने निर्मिती करणं परकं होतं म्हणून बॅण्डची रीत रुजली नाही, हे स्पष्टीकरण टिकत नाही. ती रीत आपल्याकडे होती. चळवळ ओसरली आणि चित्रपटाने सारी गुणी माणसं एकेकटी उचलली, तशी ती मोडली. इतक्यात मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा गट तुकोबा-नामदेवांचे अभंग गिटार-बासच्या साथीने गातो आणि तरुण मुलं ते ऐकायला गर्दी करतात. तुटलेला सांधा जुळू शकतो याचं हे चिन्ह मी मानतो. वारकऱ्यांची दिंडी आणि रॉकचा गट या दोन्हींत समूहाने गाण्याची जी भूक आहे, ती या मुलांना नेमकी कळली आहे.

मराठीला रॉकची गरजच काय, हा शेवटचा आक्षेप. नाट्यसंगीत आहे, पोवाडा आहे, लावणी आहे, दर्ग्याच्या उरुसात मिरजेला आजही रात्रभर गवई गातात. खरोखरच रॉकची गरज नाही. विजेच्या गिटारवाचून सांगलीचं काही अडलेलं नाही आणि इंग्रजी गाण्यांची नक्कल करणारे आणखी दहा गट झाल्याने साताऱ्याचं भलं होणार नाही. गरज आहे ती त्या गाण्यांमागच्या रीतीची: शाळेत वाद्य असणं, ते शिकवणारं माणूस असणं, शाळा सुटल्यावर उघडी राहणारी एक खोली असणं. लिव्हरपूलच्या, ईलिंगच्या आणि पाचगणीच्या मुलांना हे मिळालं म्हणून साठ वर्षांनीही त्यांची गाणी वाजताहेत. आपल्या बहुतेक शाळांत संगीताचा तास वेळापत्रकात असतो आणि खोलीत पेटीसुद्धा नसते. दुसरीकडे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भारतातली सर्वोत्तम तंतुवाद्यं बनतात, आणि पुढच्या पिढीने हे काम करावं की नोकरी धरावी हा प्रश्न तिथल्या घराघरांत आहे. मानांकनाच्या कागदाने तो सुटणार नाही, गिऱ्हाईक आलं तरच सुटेल.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांतल्या गणेश मंडळांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून डॉल्बीचं एका रात्रीचं भाडं वगळा. त्या पैशांत मिरजेत एक तंबोरा बनवायला टाका, एक ढोलकी आणि एक साधी गिटार घ्या, आणि गावच्या शाळेला द्या. सोबत मुख्याध्यापकांना एवढंच सांगा, की संध्याकाळी दोन तास त्या खोलीची किल्ली मुलांकडे राहू द्यावी.